लोगोसाठी गेलो, फरक पडला कोटेशनच्या कागदाने (डिझाइन सर्व्हिसचा रिव्ह्यू)

आमचं लॅपटॉप रिपेअरिंगचं काम आहे. त्यासाठी एका छोट्या डिझाइन स्टुडिओकडून लोगो, बोर्ड, कार्ड, बिल, कोटेशन असं सगळं करून घेतलं, त्याचा हा रिव्ह्यू. पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते पुढे लिहिलंय.

आधी आमचा बोर्ड लाल-पिवळा, कार्ड निळं, बिल तिसऱ्याच रंगात आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीला नेटवरचं लॅपटॉपचं चित्र असं होतं. काम चोख, पण नवीन कस्टमर काउंटरवर आला की पहिला प्रश्न ठरलेला, "डेटा सेफ राहील ना?" आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मदरबोर्डवरचं सोल्डरिंग चांगलं की वाईट हे त्याला कसं कळणार, त्याला दिसतो तो बोर्ड आणि हातात दिलेला कागद, त्यावरूनच तो ठरवणार ना की आपली वस्तू यांच्याकडे ठेवायची का नाही.

स्टुडिओवाल्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये 2006 चा एक अभ्यास सांगितला. लोकांना वेबपेज फक्त 50 मिलिसेकंद दाखवलं तरी ते दिसायला चांगलं की वाईट हे मत होतं, आणि 500 मिलिसेकंद दाखवलं तरी बरंचसं तेच राहतं. म्हणजे आपण तोंड उघडायच्या आधीच समोरच्याचं अर्धं मत झालेलं असतं. मला हे एकदम पटलं.

आता मुख्य गोष्ट. यांनी लोगोचं स्केच दाखवायच्या आधी आमचे सगळे कागद मागवले आणि कोटेशन पुढ्यात घेऊन बसले. त्यात टोटल आणि अटी एकाच साइजच्या बारीक अक्षरात, अटी सगळ्या कॅपिटलमध्ये, त्याही फिक्या करड्या रंगात. नवीन कागदावर सगळ्यात वर बॅकअप कोण घेणार, डेटाचं काय होणार ही ओळ, कारण विचारतात सगळे तेच, मग काय बिघडलंय, काय करणार, खर्च, परत कधी मिळणार, वॉरंटी. फॉन्ट एकच, फक्त जाड आणि साधा, आकडे उजवीकडे एका रेषेत, टोटल मोठी. बस एवढंच. ना डिझाइनची करामत ना चकचकाट, पण तो कागद हातात घेतला की वाटतं यांना आपलं काम नीट माहितीये. लोक अजूनही डेटाचं विचारतात, पण आता कागद वाचून विचारतात, "बॅकअप घेऊन झाला की फोन कराल ना?" हा प्रश्न वेगळा आहे, यात संशय नाही. माझ्या मते सगळे पैसे इथेच वसूल झाले.

रंगाबद्दल त्यांनी मला अडवलं ते पण बरं केलं. मला सगळं जुनं काढून टाकायचं होतं, ते म्हणाले लाल ठेवा, जुनी माणसं त्यावरूनच ओळखतात. 2009 मध्ये ट्रॉपिकाना या ज्यूसच्या ब्रँडने पॅकवरचं स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं काढलं तर नेहमीच्या लोकांनाच पॅक ओळखू येईना, दोन महिन्यांच्या आत विक्री साधारण 20 टक्के पडली आणि कंपनीला जुनं पॅक परत आणावं लागलं. आमचा पसारा केवढासा, पण ओळखीचं काहीतरी राहिलं पाहिजे हे तितकंच खरं. शिवाय स्क्रीनवर दिसतो तेवढा भडक लाल छपाईत येणार नाही हे त्यांनी आधीच सांगून प्रिंट प्रूफ (छपाईआधीचा नमुना) दाखवलं, त्यामुळे नंतर वाद झाला नाही.

आता कापलेला स्टार. इंग्रजी लोगोवर एवढी मेहनत आणि देवनागरी नाव खाली नुसतं टाइप करून दिलं, हे मला खरंच खटकलं. बोर्डच्या प्रूफमध्ये ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलेलं, त्यामुळे 'सर्व्हिस'मधली वेलांटी आणि रफार वरच्या ओळीत घुसून अर्धे कापले गेले होते. आमचे बहुतेक कस्टमर तोच बोर्ड वाचून आत येतात, तिथेच अक्षर तुटकं दिसलं तर बाकीच्या सुंदर कामाचा काय उपयोग. सांगितल्यावर त्यांनी दुसरा फॉन्ट घेऊन, अंतर वाढवून नीट करून दिलं, कुरकुर नाही केली, पण हे कस्टमरने दाखवायला नको.

फायनल फाइल्सचं पण बघून घ्या. आधी फक्त पीएनजी म्हणजे साधी चित्राची फाइल आली, ती बोर्डएवढी मोठी केली की कडा फाटतात. मागितल्यावर एसव्हीजी (ही कितीही मोठी केली तरी फाटत नाही) आणि पीडीएफ मिळाली, फॉन्टची नावं आणि रंगांचे कोड पण लिहून दिले. हे काम सुरू करतानाच ठरवून घ्या.

वेबसाइटचं काम पण यांनाच देतोय, फक्त यावेळी पहिलं पान मराठीत करून दाखवा, इंग्रजी नंतर, असं आधीच सांगून ठेवलंय.