हयातीच्या दाखल्याच्या नावाखाली आमच्या आजोबांचे २,६८,५०० रुपये गेले

गेल्या नोव्हेंबरात आमच्या मिरजेच्या घरी दोन पलंग शेजारी शेजारी लावले होते. एकावर आजी, नाकाला ऑक्सिजनची नळी. दुसऱ्यावर आजोबा, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेले. रेल्वेत गार्ड म्हणून जन्म काढलेला माणूस. डॉक्टरांनी दोघांनाही घरीच सांभाळायला सांगितलं होतं. रात्रीच्या बाईचे रोज ९०० रुपये, ऑक्सिजनच्या मशीनचं भाडं, औषधं. त्यासाठीच आठवडाभर आधी एफडी मोडून पैसे बचत खात्यात ठेवले होते. हे आधी सांगते, कारण "एवढी शिकलेली पोरगी, तुला कळलं कसं नाही?" हे मी अख्ख्या नात्यागोत्यातून ऐकून घेतलंय. चार रात्री माझा डोळ्याला डोळा लागलेला नव्हता.

१८ तारखेला सकाळी ११.४० ला आजोबांच्या मोबाइलवर फोन आला. पेन्शन विभागातून बोलतोय, हयातीचा दाखला मिळालेला नाही, संध्याकाळपर्यंत दिला नाही तर पेन्शन बंद. आजोबांचं पूर्ण नाव, निवृत्तीचं साल, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, सगळं त्यानंच वाचून दाखवलं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल आली, एपीके, म्हणजे उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी. मी ती उघडली.

त्या फाइलीपाशी मी थांबायला हवं होतं. तिथे नाही तर निदान आजोबा बोलले तेव्हा तरी. मी त्यांना उशीला टेकवून बसवलं, तोंड पुसलं, केस विंचरले, कारण तो म्हणाला चेहरा स्कॅन होणार आहे. तेव्हा आजोबा खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "अगं, दाखल्याला पोस्टातला माणूस घरी येतो की. सत्तर रुपये घेतो." मी म्हणाले, "आजोबा, आता सगळं मोबाइलवर असतं." अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, धड उठताही न येणाऱ्या माणसाला जे कळलं ते मी उडवून लावलं. चोरांसाठी मी त्यांचे केस विंचरले.

त्या संध्याकाळी आजीचा ऑक्सिजन ८२ वर आला. आजोबांचा फोन कोणी बघितलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी औषधांचे पैसे जाईनात तेव्हा कळलं: ९९,५००, परत ९९,५००, मग ६९,५००. फाइलीतूनच ओटीपी परस्पर त्यांच्याकडे जात होते. मी तोंडानं एकही ओटीपी सांगितलेला नाही, हे बँकेला दहादा सांगितलं.

असं झालं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, जितक्या लवकर तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. माझा फोन लागायला पाऊण तास गेला. सायबरवाले म्हणाले, आधी जवळच्या ठाण्यात जा. ठाण्यात म्हणाले, बँकेचं पत्र आणा. बँकेत म्हणाले, खातेदाराला समोर आणा. कसं आणू? स्ट्रेचरवरून? मी पलंगावरचा फोटो दाखवला, तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "नियम आहे." नियमच काढायचा तर रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक होतं. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी त्यात बँकेवर टाकली होती. मी प्रिंट घेऊन गेले. साहेबांनी न वाचताच बाजूला सारली आणि म्हणाले, "ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला होता." तक्रार लेखी द्या आणि शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नका. मी पहिल्या दिवशी तशीच उठून आले. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हे मला बँकेत एकानंही सांगितलं नाही.

आजी २४ तारखेला गेली. तेराव्याच्या आत मी ठाण्यात तीन चकरा मारल्या. काका म्हणाले, "आता पुरे कर." मला पुरे करता येत नव्हतं.

आणि घाई कसलीच नव्हती! दाखला द्यायला नोव्हेंबर अखेरपर्यंत मुदत होती. केंद्राच्या ऐंशीपुढच्या पेन्शनरांना तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. उशीर झाला आणि पेन्शन थांबली, तरी दाखला दिला की थकबाकीसकट पुन्हा सुरू होते. "आजच बंद होईल" म्हणणाऱ्याचा फोन तिथल्या तिथे ठेवून द्या. घरातल्या म्हाताऱ्यांच्या मोबाइलमध्ये मोठी रक्कम असलेलं खातं जोडून ठेवू नका.

शेवटी पोस्टमनलाच बोलावलं. त्यांनी पाच मिनिटांत दाखला केला, सत्तर रुपये घेतले आणि आजोबांच्या पाया पडून गेले.

आजोबा रोज विचारायचे, "पेन्शन जमा झाली का गं?" मी झाली म्हणायचे. पैसे गेल्याचं त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. ९ डिसेंबरला ते गेले.

चोरांच्या एका खात्यात ४१,५०० रुपये अडवून ठेवलेत म्हणे. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगितलं. त्यात आजोबांच्या खात्यावर नॉमिनी म्हणून नाव होतं ते आजीचं. आता बँक म्हणते, सगळ्या वारसांच्या सह्या आणा.