समता आणि स्वातंत्र्यावरचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स: माझा अनुभव

आठ आठवडे, दर शनिवारी संध्याकाळी दीड तास, आणि विषय एकच: समाजात समता आणि स्वातंत्र्य एकमेकांच्या आड येतात का एकमेकांना धरून चालतात. गेल्या आठवड्यात संपला. करू की नको असा विचार करणाऱ्यांसाठी लिहितोय, माझं म्हणणं आहे नक्की करा, त्रुटी आहेत त्या पण खाली सांगतोच.

पहिली दोन सेशन पायाभरणीची. तत्त्वज्ञ आयझाया बर्लिन यांचं १९५८ चं ऑक्सफर्डमधलं व्याख्यान, मला कोणी अडवत नाही हे एक स्वातंत्र्य आणि माझ्या आयुष्याची सूत्रं माझ्या हातात आहेत हे दुसरं, हा त्यातला फरक, सगळं नीट समजावलं पण जरा संथ झालं. या विषयावर थोडंफार वाचलेल्यांनी रेकॉर्डिंग दीडच्या स्पीडने बघितलं तरी चालेल.

माझ्यासाठी कोर्स खरा सुरू झाला तो चौथ्या सेशनला. आम्ही चाळीसेक जण होतो आणि तोपर्यंत चर्चेला काही नियमच नव्हता, ज्याला बोलायचंय त्याने माइक ऑन करायचा आणि बोलायचं, पूर्ण मोकळीक. त्यामुळे झालं असं की तीन आठवडे तेच चार-पाच जण बोलत होते आणि बाकीचे म्यूटवर. कोणी कोणाला अडवलं नव्हतं हं, पण एखादा वाक्य सुरू करायचा तेवढ्यात दुसऱ्याचा मोठा आवाज यायचा आणि पहिला "नाही नाही, बोला तुम्ही" म्हणून परत म्यूट. मी स्वतः दोनदा असाच मागे सरलो. मग मॅडमनी नियम लावला: प्रत्येकाला दोन मिनिटं, आणि ज्यांना ज्यांना बोलायचंय त्या सगळ्यांचं एकदा झाल्याशिवाय कोणालाही दुसऱ्यांदा पाळी नाही. लगेच एकाने हरकत घेतली, की स्वातंत्र्याच्या कोर्समध्ये तुम्ही आमचं बोलणं घड्याळ लावून मोजताय, ही समता आहे का सक्ती? प्रश्न रास्त होता आणि मॅडमनी तो उडवून लावला नाही. त्या म्हणाल्या, हो, तुमच्याकडचं काहीतरी मी काढून घेतलंय, आता ते कोणाकडे गेलं ते बघूया. त्या दिवशी मी मोजलं, एकोणीस जण बोलले. आदल्या शनिवारी पाच.

तेव्हापासून मला "समता वाढली की स्वातंत्र्य कमी होतं" हे वाक्य अर्धवट वाटायला लागलंय, कारण कोणाचं कमी होतं आणि कोणाचं वाढतं ते त्यात सांगितलेलंच नसतं. पण नियमाने नुकसान पण झालं हे सांगायलाच हवं. एक गृहस्थ करांबद्दल फार चांगला मुद्दा पायरी पायरीने मांडत होते आणि दोन मिनिटं झाली म्हणून मध्येच थांबले, पुन्हा पाळी आली तोवर धागा तुटला होता. म्हणजे समता फुकट मिळते असं नाहीच, फक्त तो नियम नसता तर त्याहून मोठं काहीतरी आम्ही गमावत होतो आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

पाचवं सेशन सगळ्यात जास्त आवडलं. तत्त्वज्ञ फिलिप पेटिट यांनी १९९७ साली मांडलेला विचार होता, की मालक कितीही दयाळू असला, गुलामावर कधी हात उगारत नसला तरी गुलाम तो गुलामच, कारण उद्या मालकाचं मन फिरलं तर त्याला जाब विचारणारं कोणी नाही. मग कागद-पेन घ्यायला सांगितलं. काल दिवसभरात कोणाला काय वाटेल म्हणून तुम्ही बोलणं बदललंत, गप्प बसलात, थांबलात, ते लिहा. एक ताई, ज्या चारही सेशन कॅमेरा बंद ठेवून होत्या, त्यांनी वाचून दाखवलं: "ऑफिसात मला कोणी काही बोलत नाही, साहेब चांगले आहेत, पण रजेचा अर्ज टाकायच्या आधी मी त्यांचा चेहरा बघते." त्यानंतर बराच वेळ कोणीच माइक ऑन केला नाही. कोणी अडवत नाही आणि तरी मोकळं नाही म्हणजे काय, ते मला त्या चेहरा बघण्यात कळलं.

आता त्रुटी. सहाव्या सेशनला रॉल्स (१९७१ चं पुस्तक) विरुद्ध नोझिक (१९७४ चं), दोघंही हार्वर्डचे तत्त्वज्ञ. रॉल्स म्हणतात विषमता चालेल, पण तळातल्या माणसाचं भलं होत असेल तरच, आणि नोझिक म्हणतात लोकांनी रास्त मिळवलेलं खुशीने दिलं-घेतलं असेल तर होईल ती वाटणी न्याय्यच. नोझिक यांचं बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल, दहा लाख लोक त्याचा खेळ बघायला खुशीने पंचवीस-पंचवीस सेंट देतात, त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमतात, मग सुरुवातीला समान वाटणी होती ती मोडली, पण अन्याय कुठे झाला? उदाहरण दमदार आहे. पण त्याच्या पुढच्या पिढीचं काय हे विचारलंच गेलं नाही, ज्या मुलांनी कोणाला खेळून दाखवलं नाही त्यांना तो पैसा जन्मानेच मिळतो आणि बाकीच्यांची सुरुवातच मागून होते, तिथे खरा पेच आहे आणि तिथेच वेळ संपला.

आणि बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण शेवटच्या सेशनला दहा मिनिटांत आटोपलं, याचं मला खरंच वाईट वाटलं. समतेशिवाय स्वातंत्र्य म्हणजे थोड्यांची बहुतेकांवर सत्ता, आणि स्वातंत्र्याशिवाय समता माणसातला पुढाकार मारते, हे दोन्ही धोके तिथे एकत्र मांडलेत आणि तिसरा शब्द बंधुता पण जोडलाय, की तिच्याशिवाय पहिले दोन आपसूक चालणार नाहीत. आमच्या दोन मिनिटांच्या नियमाचंच बघा ना, सातव्या आठवड्यात मॅडमना घड्याळ लावावं लागलं नाही, लोक आपणहून थांबत होते, "तुमचं राहिलं होतं ना" म्हणत होते.

रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी मिळतं, आवाज स्वच्छ असतो, नोट्स मात्र फार त्रोटक. फीडबॅक फॉर्ममध्ये मी दोनच गोष्टी लिहिल्यात, वारसाहक्कावर एक वेगळं सेशन घ्या आणि दोन मिनिटांचा नियम पहिल्या दिवसापासून लावा, म्हणजे त्या ताईंसारख्या कोणाला पाचव्या आठवड्यापर्यंत थांबावं लागणार नाही.