इगतपुरीचं शिबिर की पायी वारी? सलग रजा एकदाच मिळणार असेल तर

डोकं शांत व्हावं म्हणून रजा टाकायची आहे, मग इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला जाऊ का माउलींच्या पालखीबरोबर चालू, असं ओळखीतले बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितोय. मी दोन्ही केलंय, दोन्हीबद्दल मनापासून आदर आहे, आणि हे माझ्यापुरतं मत आहे.

आवाज बंद, माणसं बंद, अशी शांतता हवी असेल तर इगतपुरीला तोड नाही. फोन पहिल्याच दिवशी जमा, पहाटे ४ ची घंटा, वाचन-लेखन नाही, जप-पूजा पण तेवढे दिवस बाजूला, आणि दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन, म्हणजे शेजारच्याला खुणेनेही काही सांगायचं नाही. पहिले तीन दिवस नुसता नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. चौथ्या दिवसापासून अधिष्ठान सुरू होतं, तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. गुडघ्यात जीव जाईल अशी कळ येते आणि तिच्याकडे फक्त बघत राहिलं तर ती सरकते, पसरते, कधी कधी चक्क विरून जाते. हे मला दुसरीकडे कुठेच मिळालं नाही. १९७६ पासून धम्मगिरी, म्हणजे इगतपुरीचं हे केंद्र, चालू आहे आणि राहण्या-जेवणाचा खर्च शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानातून निघतो, हे तर मला फारच मोठं वाटतं.

वारीत याच्या बरोबर उलट. एकांत शून्य. पहाटे काळोखात टँकरपाशी रांग, दिवसभर टाळ-मृदंग, रात्री तंबूत एकमेकांना खेटून झोपायचं, आणि दिवेघाटाच्या दिवशी पुणे ते सासवड चालताना पायांची वाट लागते. पण चालता चालता कधीतरी डोक्यातलं ऑफिस आपोआप बंद पडतं, नेमकं कधी ते कळतसुद्धा नाही. सासवडला एका आजोबांनी माझ्या तळपायाच्या फोडातून सुईदोरा ओवला, दोरा आतच राहू द्या म्हणाले म्हणजे पाणी निचरतं, आणि वर माझ्याच पाया पडले. नाव-गाव काही विचारलं नाही, फक्त माउली.

आता माझा निर्णय कशावर झाला ते सांगतो. शिबिर संपताना सांगतात की रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायचं, आणि ते बरोबरच आहे, साधना म्हटल्यावर एवढं द्यायलाच हवं. पण आमच्या दोन खोल्यांच्या घरात सकाळी कुकरच्या शिट्ट्या, मुलांचे डबे, पाण्याची वेळ आणि ७ ची लोकल, यात सलग एक तास बंद दाराआड मिळतच नाही हो. बसलं की बेल वाजणार, नाहीतर बायकोवर सगळं टाकून मी डोळे मिटून बसलोय हेच मनात टोचत राहणार. शांत होण्यासाठी घरच्यांशी रोज भांडायला लागावं हे मला काही पटलं नाही.

वारीतून येताना मात्र ज्ञानदेवांचा हरिपाठ बरोबर आला. २७ अभंग, घाईगडबड न करता म्हटले तरी अर्ध्या तासात होतात, स्टेशनला चालत जाताना निम्मे आणि गाडीत उरलेले, शेजारी कोण काय बोलतंय याने काही अडत नाही कारण तो शिकलोच मुळी गर्दीत. कामाच्या धबडग्यात टिकलं ते हेच.

तरी ज्यांना घरात वेगळी खोली आहे, किंवा ज्यांना देव-नाम यात फारसा रस नाही, त्यांनी इगतपुरीलाच जावं असं मी म्हणेन. तिथे अर्धवट सोडून यायचं नसतं एवढं मात्र मनाशी पक्कं करून जा, आणि येण्या-जाण्याचे दिवस धरून बारा दिवसांची रजा लागते.

बाकीच्यांनी एकदा वारी करून बघाच. आळंदी ते पंढरपूर जवळपास तीन आठवडे जातात, तेवढी रजा नसेल तर सासवड ते लोणंद एवढा टप्पा चाला, जेजुरीचा भंडारा आणि नीरास्नान, म्हणजे नीरा नदीत माउलींच्या पादुकांचं स्नान, दोन्ही मिळतं. दिंडी आधीच ठरवा, भिशी, म्हणजे दिंडीत द्यायची वर्गणी, भरून ठेवा म्हणजे जेवण, तंबू आणि सामानाच्या ट्रकची चिंता राहत नाही, आणि नवीन बूट घालून अजिबात येऊ नका.