व्हर्डंट वर्क्स, डंडी: तागाची गिरणी बघायची तर यंत्रं चालू असताना

स्कॉटलंडला जाणारी मराठी मंडळी एडिंबरा करतात, ग्लासगो करतात आणि तिथून थेट हायलंड्सच्या बसमध्ये बसतात. डंडी मधल्या मध्ये राहून जातं. पोतं, गोणपाट, तरट, बारदान, सुतळी हे सगळं ज्या तागाचं, तो ताग एकेकाळी या गावाचं पोट भरत होता. ‘व्हर्डंट वर्क्स’ हे त्या धंद्याचं संग्रहालय आहे आणि ते खऱ्याखुऱ्या जुन्या गिरणीतच मांडलेलं आहे.

गिरणी १८३३ ची. सुरुवातीला इथे जवसाच्या झाडापासून निघणारा धागा, म्हणजे फ्लॅक्स, कातला जायचा. तेव्हा आजूबाजूला शेतं होती आणि शेजारून ओढा वाहायचा, म्हणून नाव ‘व्हर्डंट’, हिरवंगार. आज त्या हिरवाईचा मागमूस नाही. पुढे ताग आला. १८६४ मध्ये तीन वाफेची इंजिनं, ७० यंत्रमाग, २,८०० चात्या आणि ५०० कामगार असा पसारा होता. एकोणिसावं शतक संपण्याआधीच कताई थांबली आणि नंतर इथे चिंध्यांचा, सशांच्या कातड्यांचा व्यापार चालला. डंडी हेरिटेज ट्रस्टने १९९१ मध्ये वास्तू घेतली आणि १९९६ मध्ये संग्रहालय उघडलं.

तिकीट दोन तऱ्हांचं मिळतं: एक फक्त गिरणीचं, दुसरं गिरणी आणि टे नदीकाठचं ‘डिस्कव्हरी’ जहाज मिळून. दोन्ही ठिकाणं ट्रस्टचीच आहेत, त्यामुळे दिवसभर थांबणार असाल तर जोड तिकीट घ्या. हिवाळ्यात आठवड्याचे काही वार संग्रहालय बंद असतं आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या वेळेच्या बराच आधी असतो. म्हणून निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याच्या वेळा बघाच.

आत गेल्यावर पहिला प्रश्न काउंटरवर विचारायचा: यंत्रं आज किती वाजता चालवणार? बाकी सगळं पुढेमागे बघता येतं, हे नाही. यंत्रं बंद असताना तो हॉल म्हणजे लोखंडाच्या सांगाड्यांची रांग. चालू झाल्यावरच कळतं की कोणतं यंत्र कशासाठी होतं आणि शेजारच्या माणसाचं बोलणं का ऐकू येत नाही.

प्रात्यक्षिकाला पाचदहा मिनिटं आधी जा आणि कच्च्या तागाच्या बाजूला उभे राहा. कच्चा ताग बंगालहून गाठी बांधून यायचा, एक गाठ ४०० पौंडांची, म्हणजे सुमारे १८० किलोची. दाबून आलेला हा ताग वाळलेल्या गवतासारखा कडक असतो. तसाच यंत्रात घातला तर धागा तुटतो आणि नुसता भुगा उडतो. डंडीने यावर तोडगा काढला तो तेल आणि पाणी एकत्र करून ताग भिजवण्याचा. तेल देवमाशाचं, आणि ते घरातच होतं, कारण डंडी हे देवमाशांच्या शिकारीचं मोठं बंदर. १८५० च्या दशकात क्रिमियाच्या युद्धामुळे रशियाचा फ्लॅक्स अडला आणि तागाची चलती झाली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने पोत्यांची आणि तंबूंच्या कापडाची मागणी आणखी वाढवली. देवमाशाच्या तेलाची जागा नंतर खनिज तेलाने घेतली. ताग हुंगून बघायची संधी मिळाली तर सोडू नका; नव्या बारदानाला येणारा तेलकट वास त्याच वंशातला.

त्यापुढे माल एकेका यंत्रातून कसा बदलतो, तेवढ्यावरच लक्ष ठेवा. खाचांच्या रुळांमधून जाऊन ताग मऊ होतो. मग तो पोलादी काट्यांच्या मोठ्या ढोलावर पिंजला जातो, आधी भरड, मग बारीक. तिथून बाहेर येतो तो पेळू, मनगटाएवढा जाड, सोनेरी आणि इतका भुसभुशीत की बोटाने ओढला तर तुटेल. हा पेळू ताणून, दोन-तीन एकत्र करून, परत ताणून सारखा करतात. त्यानंतर पीळ, आणि चातीवर सूत. शेवटी मागावर धोटा धावायला लागला की आवाज कानात नाही, छातीत लागतो. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना मागापासून जरा लांब ठेवा, दचकतात.

गिरणगावातल्या माणसाला इथे बरंच ओळखीचं भेटेल. आपला भोंगा, तसा डंडीचा ‘बमर’. त्रासन खातं (कताई) आणि साचे खातं (विणाई) यांच्यातली चढाओढ इथेही होती: विणकर बाया टोपी आणि हातमोजे घालून ऐटीत कामावर यायच्या, कातणाऱ्या बायांना खालच्या समजायच्या. हो, बायाच. डंडीच्या तागगिरण्यांत बहुसंख्य कामगार स्त्रिया होत्या, कारण त्यांना पगार कमी द्यावा लागायचा. पोरगे कमी पैशांत ठेवायचे आणि अठरा वर्षांचे होऊन पुऱ्या पगाराला पात्र झाले की घरी पाठवायचे. घरी बसलेल्या या पुरुषांना गावात ‘केटल-बॉयलर’ म्हणत, म्हणजे चहाचं पाणी ठेवणारे. खात्यात आवाज इतका की बाया ओठ वाचून आणि खुणांनी बोलायच्या. पुढे अनेकींना ऐकूच येईनासं व्हायचं. वरच्या मजल्यावरच्या सामाजिक इतिहासाच्या दालनात हे सगळं आहे. अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस गिरणी करणाऱ्या ‘हाफ-टाइमर’ मुलांची माहितीही आहे. तिथे फलक बरेच आहेत, सगळे वाचायला गेलात तर प्रात्यक्षिक चुकेल.

‘हाय मिल’ हा भाग २०१५ मध्ये खुला झाला. इथे मान वर करून बघा: ओतीव लोखंडाचे खांब आणि छपराला गॉथिक कमानी, गिरणीपेक्षा चर्चला शोभतील अशा. खाली १८०१ चं बोल्टन आणि वॉट कंपनीचं वाफेचं इंजिन उभं आहे. गिरणीचं जुनं कचेरीचं दालनही चुकवू नका. लहान आहे, लोक दारातून डोकावून पुढे जातात.

संग्रहालय डंडीचं, त्यामुळे बंगालची बाजू ओघाने येते. एक गोष्ट मनात ठेवून फिरलात तर मांडणी जास्त उलगडेल. १८५५ मध्ये कोलकात्याजवळ रिश्र्याला पहिली तागगिरणी निघाली तेव्हा यंत्रं डंडीचीच होती. पुढे डंडीचे फोरमन आणि मॅनेजर हुगळीकाठी नोकरीला गेले आणि त्यांनी उभ्या केलेल्या गिरण्यांनीच डंडीचं गिऱ्हाईक पळवलं. कच्चा माल दाराशी, मजुरी कमी. डंडीला टिकाव धरणं अवघड होतं. तरी रडतखडत धंदा १९९० चं दशक संपेपर्यंत चालला.

सगळं नीट बघायला दोन ते अडीच तास लागतात. अंगण दगडी चिऱ्यांचं आहे, ओलं असलं की घसरतं. चपट्या, पकड असलेल्या तळव्याचे बूट बरे. आत कॅफे आहे. बाहेर खायचं तर ‘पाय’ (pie) आणि ब्रायडी, म्हणजे सारण भरून भाजलेले पदार्थ, या इथल्या खास गोष्टी, पण शाकाहाऱ्यांनी आणि गोमांस न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं: ब्रायडीत साधारणपणे गोमांसच असतं. वर सोललेल्या बदामांची वर्तुळं लावलेला डंडी केक चहाबरोबर उत्तम, त्यात अंडं असतं.

स्टेशनपासून गिरणी चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे, वेस्ट पोर्टच्या बाजूने, वाटेत सौम्य चढ. मध्ये मार्केटगेट हा रुंद वाहता रस्ता लागतो, तो सिग्नललाच ओलांडा. या भागातल्या अनेक जुन्या गिरण्यांचे आता फ्लॅट झालेत. मार्केटगेटवरची लांबलचक ‘टे वर्क्स’ त्यातलीच. गिरणीची चिमणी बघायची असेल तर बसने लॉकीला जा. तिथे कॉक्स बंधूंच्या कॅम्परडाउन वर्क्सची रंगीत विटांची ‘कॉक्सेस स्टॅक’ २८२ फूट उभी आहे, एखाद्या इटालियन घंटाघरासारखी.

गिरणीनंतर मॅकमॅनस संग्रहालयात गेलात तर तेलाचा धागा पूर्ण होतो. प्रवेश मोफत आहे आणि वर टांगलेला सांगाडा आहे ‘टे व्हेल’चा. १८८३ च्या हिवाळ्यात हा देवमासा नदीच्या मुखात शिरला, तेही शिकारी जहाजं डंडीत विसावलेली असताना. हारपून बसूनही तो निसटला आणि नंतर समुद्रात मेलेला सापडला. नदीकाठचं व्ही अँड ए डंडी हे डिझाइनचं संग्रहालय, जपानी वास्तुरचनाकार केंगो कुमा यांनी आखलेलं, बाहेरून जरूर बघा. आत स्कॉटिश डिझाइनचं दालन मोफत आहे. वेळ कमी असेल तर ‘डिस्कव्हरी’ दुसऱ्या दिवसावर टाका. कॅप्टन स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमेचं हे जहाज तासाभरात उरकण्यासारखं नाही.

एडिंबऱ्याहून येताना गाडी आधी फोर्थचा आणि मग टे नदीचा पूल ओलांडते. टे नदीवर उजव्या खिडकीतून पाण्यात ओळीने दगडी बुंधे दिसतात. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात गाडीसकट कोसळलेल्या जुन्या पुलाचे ते खांब. येताना उजवीकडे जागा मिळाली नाही तर परतीला डावीकडे बसा.