'रोलिंग कोड'वाला रिमोट संच: सहाच्या सहा फसवे

दिवे, पंखे, गिझर रिमोटवर चालू-बंद करायचा सुटा संच (भाग आपणच सोल्डर करून जोडायचा) मागवणार असाल तर थांबा. मी ६ संच मागवले, सहाचेही पैसे आगाऊ भरले, परत आले शून्य. मला यातलं कळतं, म्हणून लाज जास्त वाटते.

जाहिरातीत चार दावे होते: रोलिंग कोड (दर वेळी बदलणारा कोड), संपूर्ण आयसोलेशन (मेनची वीज बाकी सर्किटपासून पूर्ण वेगळी), १० अँपिअरचा रिले (विजेवर चालणारा स्विच), १०० मीटर पल्ला. पल्ल्याचा आकडा मोकळ्या मैदानातला असतो, तो सोडून द्या. बाकी तिन्हीही थापाच निघाल्या.

रिमोट उघडला तेव्हाच कळायला हवं होतं. आयसीवरचा नंबर घासून काढला होता. तेवढ्यावरून मी काही संशय घेतला नसता, नंबर पुष्कळ जण घासतात. पण शेजारीच पॅडच्या (सोल्डर लावायच्या ठिपक्यांच्या) ओळी होत्या, मध्ये आठ पॅड, एका कडेला 'एच', दुसऱ्या कडेला 'एल'. हा तर पीटी२२६२, ठरावीक कोड पाठवणारा आयसी! रोलिंग कोडला असले पॅड लागतातच कशाला? नाव खोडलं आणि चेहरा तसाच ठेवला, तरी मी मान खाली घालून सोल्डरिंग करत बसले. आठ पिना, प्रत्येकीच्या तीन अवस्था ('एच', 'एल' किंवा मोकळी), म्हणजे एकूण ६,५६१ कोड, तेही कायमचे ठरलेले. त्यात सहाही संचांचे आठही पॅड मोकळे, म्हणजे सगळ्यांचा कोड एकच. एक बटण दाबलं की सहाही रिले एकदम टकटक. संच आला की आधी हे पॅड बघा. असतील तर निदान प्रत्येक जोडीला वेगळा पत्ता (म्हणजे कोड) सोल्डर करा, रिमोट आणि रिसीव्हर दोन्हीकडे सारखाच.

पल्ला वाढावा म्हणून ४३३.९२ मेगाहर्ट्झसाठी १७.३ सेंटिमीटरची वायर अँटेनाला जोडतात. मीही जोडली. सहज टेस्टर लावला तर तो पेटला! पाटीवर (सर्किट बोर्डवर) दोन बाजू फक्त प्रकाशाने जोडणारा ऑप्टोकपलर होता, पण त्याच्या दोन्ही बाजूंची ग्राउंड एकाच पट्टीला. निव्वळ शोभेचा. ट्रान्सफॉर्मर नाहीच, मेनमधून एक कपॅसिटर आणि ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड), झालं. पाटी मेनपासून सोडवा, कपॅसिटर रिकामा होऊ द्या, मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवा, मेनच्या दोन्ही टोकांपासून रिसीव्हरच्या ग्राउंडपर्यंत प्रोब उलटसुलट करून बघा. कुठेही ०.५-०.६ व्होल्ट दिसला तर ती अँटेना उघडी सोडायची नाही.

तो कपॅसिटरही एक्स२ दर्जाचा (थेट मेनवर लावायला बनवलेला) नव्हता, साधा ४०० व्होल्ट डीसीचा. ०.४७ मायक्रोफॅरडला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर सुमारे ३४ मिलिअँपिअर मिळतात. २४ व्होल्टच्या रिलेला १५ लागतात, म्हणून सुरुवातीला सगळं छान चालतं. असले कपॅसिटर मेनवर झिजतात. एका संचातला मोजला तर ०.२१ भरला, म्हणजे जेमतेम १५ मिलिअँपिअर, त्यातूनच रिसीव्हरही चालवायचा. मग रिले गुणगुणतो, काँटॅक्टवर ठिणग्या उडतात आणि काँटॅक्ट चिकटतात. रिमोटने 'बंद' म्हणा, उपकरण चालूच!

रिलेवर १० अँपिअर छापलं होतं, तिथपर्यंत जाणारा ट्रॅक १ मिलिमीटरचा, वर सोल्डरचा थरही नाही. २,००० वॉटचा गिझर ८.७ अँपिअर ओढतो. तरी मी तो लावला, कारण आकडा छापलेला होता! पाटी काळी पडली. गिझर, पंप असल्या रिलेवर थेट लावू नका. रिलेने फक्त काँटॅक्टरची (जास्त करंट पेलणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल चालवा. आणि तोडायचा तो फेज, न्यूट्रल नाही. यांच्या आकृतीत तेही उलटं होतं.

विक्रेता म्हणाला, "तुम्ही स्वतः सोल्डर केलंत, वॉरंटी गेली." अहो, संच सुटा विकता, सोल्डर दुसरं कोण करणार? पैसे भरायच्या ॲपवाल्यांनी 'वस्तू पोहोचली' म्हणून तक्रार दोन ओळींत मिटवली. ग्राहक तक्रारीच्या फॉर्मात वर्ग 'इतर', फोटो एकच जोडता येतो. मी मोजमापांसकट चार पानं पाठवली, त्यावर फोन आला, "बटण दाबल्यावर चालतं ना?" चालतं! म्हणूनच तर अँटेनात मेन येतं! विद्युत सुरक्षेच्या कार्यालयात सांगितलं की तयार उपकरण असेल तरच ते बघतात, सुट्या भागांचं नाही. अपघात झाला तर कळवा. आग लागली की अर्ज करायचा. सायबरवाल्यांनी इथे सायबर काय आहे ते विचारलं आणि परत ग्राहक कक्षाकडे पाठवलं, तिथे पुन्हा तोच 'इतर'.

त्यातले पाच संच मी तोडून ठेवलेत, कोणाला द्यायला नको. सहावा पुरावा म्हणून तसाच आहे, वायर काढून. अजून कोणी बघायला मागितलेला नाही.