सुरीचं म्यान: कच्चं कातडं की कमावलेलं चामडं?

चार-पाच इंची पात्याच्या सुरीला हाताने म्यान करायचं तर विचारात घेण्यासारखे पर्याय दोनच. केस काढून नुसतं ताणून वाळवलेलं कच्चं कातडं, नाहीतर बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, कोल्हापुरी चपलेला वापरतात तसं जाड चामडं. पर्स-जाकिटांचं क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं चामडं मऊ राहतं आणि आकार धरत नाही. ते बाजूलाच ठेवा.

कच्च्या कातड्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. म्हशीचं 2 मिमी कातडं वाळलं की खणखणीत टणक होतं. कमावलेल्या चामड्यात तेवढा ताठपणा यायला 3 मिमीच्या पुढे जावं लागतं. तबला-ढोलकी मढवणाऱ्यांकडे बकऱ्याचं पातळ कातडं मिळतं, पण ते एकेरी पुरत नाही. कातडं साध्या पाण्यात रात्रभर भिजवायचं, ओल्या फडक्यासारखं वळेपर्यंत. घाई म्हणून गरम पाणी घेऊ नका: कातड्यापासूनच सरस करतात, आणि उष्णतेने त्याची सुरुवात तुमच्या बादलीतच होते. भोकं पंचाने 3 मिमीची पाडायची, कडेपासून किमान 8 मिमी आत. वाळताना कातडं आक्रसतं आणि कडेजवळची भोकं फाटून निघतात. शिवायला त्याच कातड्याची ओली वादी उत्तम, कारण तीही सोबतच आवळते.

शिवून झालं की पात्याला तेल लावून, प्लास्टिकचे तीन-चार वेढे गुंडाळून आत घालायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात बाहेरून कडक, आतून ओलं राहतं. म्यान वाकडं होतं आणि वास धरतं. रोज एकदा पातं थोडं बाहेर ओढून परत बसवायचं, नाहीतर ते आतच जखडतं. सुरीऐवजी त्याच मापाची लाकडी पट्टी वापरली तर गंजाची धास्ती उरत नाही.

कमावलेल्या चामड्याला काम जास्त आहे, हे कबूल. धारेच्या बाजूला, दोन थरांच्या मध्ये, त्याच चामड्याची 8-10 मिमी रुंदीची पट्टी चिकटवावीच लागते. ती नसेल तर धार थेट टाक्यांवर घासते. आरीने 4-5 मिमी अंतरावर भोकं, दोन सुया, मेण लावलेला दोरा शिवणीच्या चौपट लांब. मग म्यान मिनिटभर पाण्यात बुडवून, गुंडाळलेली सुरी आत घालून, चमच्याच्या पाठीने कडा दाबून आकार द्यायचा. टेबलावर लोखंडाचा कीस नको. ओल्या चामड्यातल्या टॅनिनशी लोखंडाचा संयोग झाला की काळे डाग पडतात, ते सहजी निघत नाहीत. शेवटी मधमाशीचं मेण; तेल जरा जास्त झालं की ताठपणा गेलाच.

पारडं फिरतं ते पावसाळ्यात. कच्चं कातडं म्हणजे न कमावलेली कातडीच. पाणी मिळालं की परत कातडी होते. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या दमट हवेत तोंडाशी मऊ पडतं, मग ऊन पडलं की रिकामं असताना आणखी आक्रसून वाळतं. पुढच्या वेळी सुरी आत जात नाही, किंवा गेली तर निघत नाही. जोर लावला की मऊ पडलेल्या कडेतून धार बाहेर येते, बोटांच्या बाजूलाच. वॉर्निशने बाहेरची बाजू झाकता येते, पण शिवणीची भोकं आणि आतली बाजू नीट झाकली जात नाही. शिवाय उंदीर आणि कुत्रा दोघांनाही हे म्यान आवडतं. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतल्या मूलनिवासींनी अशी म्यानं पिढ्यान्पिढ्या वापरली, पण तिथली हवा आपल्या श्रावणासारखी नाही.

कमावलेलं भिजलं तर फुगतं, सावलीत वाळवलं की बहुतेक वेळा जागेवर येतं. पांढरी बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने निघते. कोरड्या मुलुखात, किंवा सुरी नुसती घरात ठेवायची असेल, तर कच्च्या कातड्याला नाही म्हणायचं कारण दिसत नाही. स्वस्त पडतं, दिसतंही देखणं. कमरेला लावून रानात न्यायची असेल तर मात्र मला कमावलेलंच बरं वाटतं.

दोन्हींचा मेळही जमतो: मेण घातलेल्या चामड्याच्या म्यानात बकऱ्याच्या कच्च्या कातड्याचं अस्तर. मात्र ते आधी वेगळं शिवून, पूर्ण वाळवूनच आत सरकवायचं. आणि म्यान कुठलंही असो, पावसाळ्यात सुरी त्यात घालून कपाटात ठेवू नका. तेलाचा हात फिरवून वेगळी ठेवा.