ब्युरोची बाई की संस्थेची कार्यकर्ती?

माझी आत्या ठाण्यात नौपाड्याला एकटी राहते. वय 78. गेल्या पावसाळ्यात ती बाथरूममध्ये घसरली. हाड मोडलं नाही, पण घराला आतून कडी होती आणि शेजाऱ्यांना दार फोडावं लागलं. मी ऐरोलीला राहते, पोचेपर्यंत तास गेला. तेव्हापासून आम्ही दोन्ही करून पाहिलं, आधी ब्युरोची, म्हणजे घरकाळजीला बायका पुरवणाऱ्या एजन्सीची बाई आणि मग एका सेवाभावी संस्थेची गृहभेट. याच पेचात असाल तर हे तुमच्यासाठी.

ठाण्यात बारा तासांची बाई मिळायला फार वेळ लागत नाही. अंघोळ घालणं, गोळ्या देणं, पेज करणं, हाताला धरून गॅलरीपर्यंत नेणं ही कामं ती करते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. तिथे आठवड्यातून एकदा येणारी संस्था पुरी पडत नाही, बाईच हवी. पण आमच्याकडे तिचा महिना आत्याच्या जवळजवळ सगळ्या पेन्शनएवढा झाला, वर ब्युरोचं कमिशन. चार महिन्यांत पाच बायका बदलल्या. साखरेची गोळी जेवणाआधी, हे प्रत्येकीला नव्याने सांगायचं. बायकांना मी दोष देणार नाही. लांबून लोकलने यायचं, त्यात ब्युरो पैसे कापणार, मग जिथे चार पैसे जास्त मिळतील तिथे त्या जाणारच. मला राग आला तो ब्युरोचा. एकदा बदली बाई आलीच नाही आणि दिवसभर कुणी फोन उचलला नाही.

संस्थेची कार्यकर्ती दर मंगळवारी तासभर येते, पैसे घेत नाही. पहिल्याच दिवशी ती आत्याच्या पलंगाशी सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "आजी, तुम्हाला भीती कशाची वाटते?" आत्या म्हणाली, "त्या कडीची." इतक्या महिन्यांत आम्ही कुणीच तिला हे विचारलं नव्हतं. त्याच आठवड्यात कडी काढून बाहेरूनही किल्लीने उघडणारं लॅच बसवलं, बाथरूमच्या भिंतीला दांडा ठोकला. नोव्हेंबरात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी कार्यकर्तीने पोस्टमनला घरी बोलावलं, बँकेचा जिना चुकला.

जिला पेन्शनच नाही तिला तर कार्यकर्तीचा आधार फार मोठा. श्रावणबाळ योजनेत 65 वर्षांवरच्या निराधारांना महिना 1,500 रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला लागतो. तहसील कार्यालयातले खेटे एकट्या म्हातारीला झेपत नाहीत. मुलं बघत नसतील तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली निर्वाहखर्च मागता येतो. स्वतः जाणं शक्य नसेल तर त्या व्यक्तीने अधिकार दिलेली संस्थाही तिच्या वतीने अर्ज करू शकते. हे काम ब्युरोच्या बाईचं नव्हेच.

पण संस्था लगेच धावून येत नाही. आम्हाला दीड महिना थांबावं लागलं. रात्री कुणी येत नाही, अंघोळ घालत नाही. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आधी बघून घ्या. एटीएमचा पिन संस्थेच्या माणसालाही देऊ नका आणि बाईलाही नको. बाईचं पोलीस व्हेरिफिकेशन तर कराच.

माझं मत सांगते. माणूस हिंडतं-फिरतं असेल तर आधी संस्था गाठा. दिवसभर बाई असताना आत्याने स्वतःचा चहा करणंसुद्धा सोडलं होतं, ते परत सुरू व्हायला दोन महिने लागले. अंथरुणावर असेल तर बाई आधी ठेवा, पण संस्थेकडेही नाव घाला. बंद दाराआड बाई कशी वागते हे बघायला बाहेरचं कुणीतरी येत राहायला हवं. संस्था माहीत नसेल तर 14567 या ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनवर, एल्डरलाइनवर विचारा, फोन फुकट आहे आणि सकाळी 8 ते रात्री 8 चालू असतो.

सध्या सकाळी अंघोळीपुरती दोन तास शेजारच्या चाळीतली एक ताई येते, ब्युरोमार्फत नाही. मंगळवार संस्थेचा. लॅचची दुसरी किल्ली समोरच्या वहिनींकडे असते, आणि आत्याच्या दाराबाहेरची दुधाची पिशवी साडेसातपर्यंत उचललेली नसली तर वहिनी बेल न वाजवता सरळ दार उघडतात.